गुळातला चुना

इंग्लंडात डर्बीशर नावाचा परगणा आहे. तिथं चुनखडीचे डोंगर आहेत. १८६३ साली त्या डोंगरांतून बक्स्टनपर्यंत रेल्वे गेली, तिच्या कडेनं चुन्याच्या मोठमोठ्या भट्ट्या पेटल्या, धूर झाला, पैसा झाला आणि शंभर वर्षांनी सगळ्याचाच कंटाळा आला. १९६८ साली ती रेल्वे बंद पडली, रूळ उखडले गेले. आपल्याकडं अशा मोकळ्या जागेवर आठवड्यात वडापावची गाडी, महिन्यात पत्र्याचं शेड आणि वर्षाच्या आत कोर्टकज्जा उभा राहिला असता. इंग्रजांनी तिथं बाक ठेवले, पाट्या ठोकल्या, 'मॉन्सल ट्रेल' असं नाव दिलं आणि लोकांना चालायला सोडून दिलं. २०११ साली जुने बोगदेही उघडले. आता माणसं तिथं साधारण १४ किलोमीटर चालतात, विझलेल्या भट्टीपुढं उभं राहून पाटी वाचतात, जुन्या स्टेशनात कॉफी पितात आणि आल्या वाटेनं परत जातात. ह्याला तिकडं सुटी म्हणतात.

माझा भाचा त्याच भागात नोकरीला असतो. हिवाळ्यात खुटबावला आला, आजीच्या हातच्या भाकरी खाऊन झाल्या आणि मग अंगणात बसल्या बसल्या म्हणाला, "मामा, हे सगळं आपल्याकडंही आहे. चुनखडी आहे, जुनी रेल्वे आहे, कालवा आहे, भट्ट्या आहेत. फक्त ट्रेल नाही."

पोरगं खोटं बोलत नव्हतं. खुटबाव हे पुणे-दौंड लोहमार्गावरचं, यवत आणि केडगावच्या मधलं स्टेशन. पुण्याच्या पुढं ह्या मार्गावर गाडी धावू लागली ती १८५८ साली. तेव्हा बोरघाटातले रूळ पुरे झाले नव्हते. मुंबईचा उतारू घाटाच्या पायथ्याशी उतरायचा, पालखीत, तट्टावर नाहीतर स्वतःच्या पायांवर घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचा. बोरघाट पुरा झाला १८६३ साली, म्हणजे बक्स्टनला आगगाडी पोचली त्याच वर्षी. आमच्या शिवारातल्या बैलांना इंजिनाच्या शिट्टीची सवय होऊन पाच वर्षं झाली होती, आणि बक्स्टनची घोडी अजून बुजायची होती! हे मी भाच्याला मोठ्या अभिमानानं सांगितलं. त्यानं ते मोबाइलवर तपासून घेतलं.

कालव्याचंही तसंच. १८७९ साली खडकवासल्याचं धरण झालं आणि त्याचा उजवा कालवा ११२ किलोमीटर चालत पाटसच्या अंगाला आला. पुढं नवा, मोठा कालवा आला, तेव्हापासून ह्या जुन्याला सगळे 'बेबी कालवा' म्हणतात. मराठी घरात सत्तरी ओलांडलेली एक बेबीमावशी असतेच, तसा हा. आता ह्या बेबीत येतं ते पुण्याचं सांडपाणी, प्रक्रिया करून मुंढव्याजवळून उपसून सोडलेलं. पुणेकर दुसऱ्याला काही देताना आधी स्वतः वापरून बघतात, ही त्यांची जुनी रीतच आहे.

राहिली चुनखडी. इथं भाच्याला जरा नमतं घ्यावं लागलं, कारण त्याला डोंगर हवे होते आणि आमच्याकडं खडे आहेत. आमचा सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पण ह्या काळ्या दगडातही कॅल्शियम असतं. दगड झिजून माती होते, पावसाच्या पाण्याबरोबर कॅल्शियम खाली उतरतं. पाऊस भरपूर असता तर ते वाहून गेलं असतं. दौंड तालुका पडला सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. इथं पाऊस हजेरीपत्रकावर सही करतो आणि जातो. पाणी उन्हानं उडतं, चुना मातीतच राहतो, आणि त्याचे पांढरट, वेडेवाकडे, आल्याच्या गड्ड्यांच्या आकाराचे खडे बनतात. ओढ्याची दरड कोसळली की काळ्या मातीत त्यांचा पट्टा उघडा पडतो. डर्बीशरची चुनखडी समुद्राच्या तळाशी शंखशिंपल्यांची साचून झाली. म्हणजे त्यांच्याकडं चुनखडी आहे कारण तिथं समुद्र होता, आणि आमच्याकडं आहे कारण इथं पाणीच नव्हतं.

ह्या खड्यांना मात्र कुणी हसू नये. सिमेंटच्या आधी सगळा देश ह्यांवर उभा होता. भारतात सिमेंटचा धंदा खऱ्या अर्थानं सुरू झाला तो १९१४ साली, पोरबंदरला. त्याआधीचे वाडे, पूल, मोऱ्या, धरणं चुन्यात बांधलेली. शनिवारवाडा १७३० ते १७३२ ह्या काळात उभा राहिला, त्याला सागवान आलं जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडहून आणि चुना जेजुरीच्या पट्ट्यातून. जेजुरी म्हणजे आमच्या भुलेश्वरच्या डोंगराच्या पलीकडं. खडे आमच्याकडंही होते, पण पेशव्यांनी आमच्या बाजूला टेंडर काढलेलं दिसत नाही.

हे खडे वेचायचे, भट्टीत खडे आणि जळण थरावर थर रचायचं आणि पेटवून द्यायचं. भाजून निघतो तो कळीचा चुना. त्याच्यावर पाणी पडलं की तो तापतो, फसफसतो आणि फुटतो. मग तो घाण्यात घालायचा. दगडात कोरलेला गोल चर, चरात उभं दगडी चाक, चाकाला बैल. लोहगडावर असा घाणा अजून आहे, आणि त्याच्या चाकाला टेकून माणसं फोटो काढतात. मळताना चुन्यात वाळू पडायची, विटांचा चुरा पडायचा, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी आणि गूळ. होय, गूळ. त्यानं चुना चिवट होतो. आजही जुन्या वास्तूंची डागडुजी करणारे हाच मालमसाला वापरतात.

आणि ज्या मुलखात चुन्यात गूळ जायचा, त्याच मुलखात आजही गुळात चुना जातो. खुटबाव, केडगाव, मुळामुठेपलीकडचं राहू बेट, हा सगळा गुऱ्हाळांचा प्रदेश. उसाचा रस मुळात आंबट असतो. तो तसाच उकळला तर साखर मोडते आणि ढेप बसत नाही, पातळ काकवीच राहते. म्हणून रस काहिलीत आला की त्यात चुन्याची निवळ घालतात. रानभेंडीच्या सालीचा चिकट रस घालतात, त्यानं मळी वर येते, ती झाऱ्यानं काढून टाकतात. चुना कमी पडला तर गूळ बसत नाही, जास्त पडला तर काळा पडतो. किती घालायचा हे गुळव्याला कळतं. त्याला विचारलं तर तो सांगत नाही, कारण ते त्यालाही सांगता येत नाही. तो काहिलीतल्या बुडबुड्यांकडं बघतो, थोडा पाक गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळतो, ती काहिलीच्या काठावर आपटतो आणि काहिल कधी उतरवायची ते आवाजावरून ठरवतो. साखर कारखान्यात हेच काम प्रयोगशाळा करते. तिथंही रसात चुनाच जातो, वरून गंधकाची धुरी मिळते, आणि साहेब गोळी आपटत नाहीत एवढाच फरक.

तर अशी सगळी जय्यत तयारी असताना आम्ही मामा-भाचे स्टेशनापासून कालवा, कालव्यापासून ओढा, ओढ्यावरून गुऱ्हाळ आणि तिथून परत, असे चालायला निघालो. भाच्याच्या पायात डोंगर चढायचे बूट होते. वाट सपाट होती.

पहिल्याच वळणावर मोटारसायकल थांबली. "काय ओ पाव्हणं, गाडी पंचर झाली का?"

"नाही नाही, चालतोय."

"बसा की मागं. दोघं बसताल. कुठं सोडू?"

"कुठं नाही. सहज चालतोय."

त्या माणसानं आमच्याकडं नीट बघितलं. खेड्यात सहज चालणारा माणूस नसतो. चालणारा एकतर मोजणीवाला असतो, नाहीतर जमिनीचा एजंट, नाहीतर पाटबंधारे खात्याचा, नाहीतर मुलगी बघायला आलेल्यांपैकी चुकलेला. ह्यांपैकी आम्ही कोण, ह्याचा निकाल लागेपर्यंत तो माणूस पहिल्या गिअरमध्ये आमच्या बरोबरीनं येत राहिला.

पुढं पारावर काही मंडळी बसली होती. त्यांतल्या एका आजोबांनी भाच्याला थेट विचारलं, "डॉक्टरनं सांगितलंय का?"

"काय?"

"चालायला. शुगर किती हाय?"

उसाच्या पट्ट्यात विनाकारण चालण्याला मान्यता असलेलं हे एकमेव कारण. ज्यानं जन्मभर साखर पिकवली त्याला शेवटी ती रक्तात सापडते, आणि मग तो पहाटे कालव्याच्या कडेनं मफलर गुंडाळून चालतो. भाचा तिशीतला, काठीसारखा वाळलेला. पण त्यानं "बॉर्डरवर आहे" असं सांगितल्यावर पारावर लगेच समाधान पसरलं. त्याला बसायला जागा मिळाली, कारल्याच्या रसापासून जांभळाच्या बियांपर्यंत सगळं ऐकायला मिळालं, आणि शेवटी साखर घातलेला चहाही मिळाला.

चहा पिता पिता भाच्यानं आजोबांना ट्रेलची कल्पना समजावून सांगितली. स्टेशनापासून निघायचं, सगळं बघत फिरायचं आणि पुन्हा स्टेशनावर यायचं.

"परत तिथंच यायचं?"

"हो, गोल वाट."

"मग गेलाच कशाला?"

इतका अडचणीचा प्रश्न डर्बीशरमध्ये त्याला कुणी विचारला नव्हता. मी मध्ये पडून म्हटलं, "आजोबा, वारीत नाही का लाखो लोक चालत?" माझा हा मुद्दा बिनतोड होता. तुकोबांची पालखी ज्येष्ठात यवतला मुक्कामाला असते, गाव तिला पिठलं-भाकरी जेवू घालतं आणि दुसऱ्या दिवशी ती वरवंडला जाते. पायी चालणाऱ्यांचा एवढा मोठा लोंढा दरवर्षी आमच्या उंबऱ्यावरून जात असताना चालण्याचं आम्हांला नवल कसलं? आजोबा म्हणाले, "ते पंढरीला जात्यात. तुमचा इठोबा कुठाय?" भाच्यानं मोबाइलमध्ये विझलेल्या भट्टीचा फोटो दाखवला. आजोबांनी तो लांब धरून पाहिला आणि आदरानं परत दिला.

ह्यानंतर ओढ्याकाठी जे घडलं ते भूगर्भशास्त्रामुळं घडलं. चुनखडीवर आम्ल पडलं की बुडबुडे येतात, ही शाळेतली गोष्ट. भाच्याला ते करून बघायचं होतं, आणि आम्ल म्हणून त्यानं आजीच्या परसातलं लिंबू आणलं होतं. ओढ्याच्या दरडीतून त्यानं एक पांढरा खडा उपसला, बांधावर ठेवला, खिशातून चाकू काढला, लिंबू कापलं आणि खड्यावर पिळलं. मग दोघंही वाकून बुडबुडे बघू लागलो. ते आले, बारीक आले, पण आले.

शेताचा मालक लांबून हे बघत होता. त्याच्या बांधावर दोन अनोळखी माणसं. मध्ये एक पांढरा दगड. दगडावर कापलेलं लिंबू. आणि दोघं त्याच्यापुढं वाकून पुटपुटताहेत.

तो धावत आला तेव्हा त्याच्या हातात खुरपं होतं, आणि आवाज पार ओढ्यापलीकडं जात होता. "कुणी धाडलं तुम्हांला? आँ? नाव सांगा आधी! भावकीतलं कोण हाय ह्याच्या मागं?" भाच्यानं कॅल्शियम कार्बोनेट आणि सायट्रिक आम्ल ह्यांच्यातली प्रक्रिया सांगायला सुरुवात केली. त्यानं प्रकरण जास्तच बिघडलं, कारण मंत्र असाच न समजणारा असतो. शेवटी मी म्हटलं, "अहो दादा, चुनखडी बघतोय, चुनखडी!"

खुरपं खाली आलं. चेहरा मात्र आणखी उतरला.

"त्याच्यासाठी लिंबू कशाला नासलं? माझ्याकडं रिपोर्ट हाय की."

तो घरात गेला आणि प्लास्टिकच्या पिशवीतून घडी पडलेला माती परीक्षणाचा कागद घेऊन आला. त्यात 'मुक्त चुना' ह्या रकान्यावर लाल शाईनं गोल केला होता. जमिनीत मुक्त चुना दहा टक्क्यांच्या वर गेला की पिकाला लोह घेता येत नाही. मातीत लोह असतं, पण चुना ते धरून बसतो. मग उसाची कोवळी पानं पिवळी पडतात, पुढं पांढरी पडतात. त्याला इथं केवडा म्हणतात. नाव फुलाचं आहे, बाकी काही छान नाही. मग हिराकस फवारा, शेणखत घाला, ताग गाडा. खर्च करा आणि पुढच्या वर्षी पुन्हा करा. त्या माणसानं आम्हांला आपलं शेत फिरवून दाखवलं. केवड्याचे पट्टे होते. बोअरच्या पाण्यानं ठिबकच्या नळ्यांची भोकं बुजत होती, ती त्यानं टोचून दाखवली. घरातल्या तपेल्याच्या बुडाला साचलेला पांढरा थर त्याच्या बायकोनं दाखवला. चुनखडीच्या भूमीचं एवढं सविस्तर दर्शन मॉन्सल ट्रेलवर कुणी करून देत नाही. तिथं पाटी वाचून भागवावं लागतं.

"हा आपला भूशास्त्रीय वारसा आहे," भाचा म्हणाला.

"वारसा?" तो माणूस म्हणाला. "न्या की मग. ट्रॉली देतो. डिझेल माझं."

गुऱ्हाळावर पोचेपर्यंत भाच्याच्या मनात ट्रेलच्या पाट्यांचा आराखडा तयार झाला होता. पहिली पाटी गुऱ्हाळाच्या भट्टीची. तिच्यापुढं उभं राहून 'येथे पूर्वी' असं वाचायचं. पण गुऱ्हाळात 'पूर्वी' काही नव्हतंच. चरकात ऊस जात होता, चुलवाणात चिपाडं जळत होती, काहिलीतून वाफ उठत होती, आणि उत्तर प्रदेशातून आलेला कारागीर दौंडी मराठीत पोरांवर ओरडत होता. भाचा पाटीची जागा ठरवत उभा होता, तेवढ्यात मागून उसाचा ट्रॅक्टर आला आणि त्याला तिथून उडी मारून बाजूला व्हावं लागलं. मग आम्ही कालव्याकडं पाहिलं. कालवा वाहत होता. रेल्वेकडं पाहिलं. लांब पल्ल्याची एक गाडी खुटबावला न थांबता धडधडत निघून गेली.

ट्रेलची अडचण ही अशी आहे. ट्रेल करायला आधी उद्योग मरावा लागतो. इंग्रजांचे उद्योग रीतसर मरतात, त्यांचं वर्षश्राद्ध होतं, मग त्यांच्यावर पायवाट होते. आपल्याकडं काही मरायला तयारच नाही. १८५८ चा लोहमार्ग अजून कामावर आहे, १८७९ च्या धरणाचा कालवा घाण पाणी का होईना पण वाहून नेतो आहे, आणि जिथं चुन्याची एखादी भट्टी खरोखर विझली, तिथले दगड लोकांनी केव्हाच गोठ्याच्या भिंतीला लावले.

तरी एक पाटी लावायला हरकत नाही, असं मला मनापासून वाटतं. ती केडगावला. पंडिता रमाबाईंनी तिथं मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळात उघड्या पडलेल्या शेकडो बायका-मुलींना आसरा दिला, आणि त्यांना नुसतं जेवू न घालता कामाला लावलं. तिथल्या छापखान्यात त्या बायका खिळे जुळवायच्या. हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर रमाबाईंनी स्वतः केलं आणि ते तिथंच छापलं गेलं. १९२२ साली त्या गेल्या. औद्योगिक इतिहास म्हटलं की आपल्याला चिमणी आणि भोंगा आठवतो, पण दौंड तालुक्यात शंभर वर्षांपूर्वी बायका यंत्रावर पुस्तकं छापत होत्या, हे तालुक्यातल्याही फार थोड्यांना ठाऊक असतं.

बाकी पाट्यांचं काही होईल असं वाटत नाही. भाच्यानं चार जाणत्या माणसांपुढं विषय काढून पाहिला. कल्पना सगळ्यांना आवडली. पाटीवर कुणाचा फोटो येणार, इथून चर्चा सुरू झाली. आमच्याकडं चौकात फलक लागतो तो वाढदिवसाचा. त्यावर एक मोठा चेहरा, शुभेच्छुकांचे वीस लहान चेहरे आणि कोपऱ्यात एक वाघ असतो. चुनखडीचा वाढदिवस कुणाला ठाऊक नाही आणि तिचे शुभेच्छुकही नाहीत. मग पाटीचा खांब कुणाच्या बांधात रोवायचा हा प्रश्न निघाला, त्यावरून १९८० सालची मोजणी निघाली, आणि भाचा सुटी संपवून विमानात बसला तरी ती मोजणी चालूच होती.

तेव्हा पाट्यांची वाट न बघता ज्याला यायचं त्यानं यावं. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा, ऊन सोसतं आणि गुऱ्हाळं चालू असतात. रुळांवरून मात्र चालू नका, तो लोहमार्ग जिवंत आहे. काहिलीच्या जवळ लहान पोरांना जाऊ देऊ नका. गुळव्यानं गरम काकवी दिली तर नाही म्हणू नका, आणि पैसे देऊ केले तर तो घेणार नाही, म्हणून एक ढेप विकत घ्या. ओढ्यातले खडे हवे तेवढे न्या, त्याला कुणाची हरकत नाही. कुणी विचारलंच, तर शुगर बॉर्डरवर आहे असं सांगा. आणि खुटबावला सगळ्या गाड्या थांबत नाहीत. दौंडची साधी गाडी थांबते, तीही मिनिटभर, म्हणून यवत गेलं की दाराशी येऊन उभे राहा.